मुक्या कड्यावरचे नाव

सावरमाळच्या बाजारात कोणालाही 'ए' म्हणून हाक मारून बघा, कोणी वळणार नाही. घोडेवाला वळणार नाही, चिक्कीवाला वळणार नाही, आणि लॉजच्या पायरीवर पडलेले कुत्रेसुद्धा मान वर करत नाही असे आम्ही गमतीने म्हणतो. आज सकाळी तुमच्यातल्या या चष्मेवाल्या साहेबांनी स्टँडवर उभे राहून पुष्कळ हाका मारल्या. ए घोडा, ए बॅग, ए चहा. चहावाली वैजंता समोरच बसली होती आणि तिचे कान चांगले शाबूत आहेत. पाहुणे मग चिडतात, इथल्या लोकांना साधे मॅनर्स नाहीत असे मोबाइलवर लिहून टाकतात. लिहू देत. आई लेकराला 'ए' म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याचे नाव आधी विचारायचे आणि मग हाक मारायची, ही या माळाची रीत आहे. ती कुठून आली ते सांगायलाच मी तुम्हाला या वळणावर थांबवले.

मी गेनू ढेबे. निघताना मी तुम्हाला माझे नाव सांगितले आणि तुमच्याकडून म्हणवून घेतले, तेव्हा तुमची मुले हसली. हसण्यासारखेच आहे ते, आमची मुलेही हसतात. पण नाव म्हणून घेतल्याशिवाय सावरमाळात घोड्याचा लगाम कोणी हातात धरत नाही आणि डोलीला खांदा देत नाही.

हा गुडघाभर उंचीचा काळा दगड बघा. याला खांदेपालटाचा दगड म्हणतात. इथे डोली टेकवून डोलीवाले खांदा बदलत. उजव्या हाताला ते रेलिंग दिसते, त्याच्यापुढे कडा आहे. तुमच्या नकाशात आणि त्या निळ्या पाटीवर त्याचे नाव रायाजी पॉइंट आहे. आम्ही त्याला मुका कडा म्हणतो. वाट इथे डावीकडे वळते. धुके उतरले की ती वळलेली दिसत नाही, समोर नुसते पांढरे दिसते आणि पाय सरळ जायला बघतात.

फार जुनी गोष्ट आहे. मोटारीचा रस्ता नव्हता, लॉज नव्हती, बाजार म्हणजे सावरजाईच्या देवळापुढची मोकळी जागा होती. त्या काळी खालच्या मुलखातून रायाजीराव नावाचा एक सरदार माळावर आला. उन्हाळा त्याला सोसत नसे, वैद्याने थंड हवा सांगितली होती, असे सांगतात. त्याने पलीकडच्या टेकाडावर बंगला बांधला आणि दर उन्हाळ्यात तो येऊ लागला. थंड हवेला म्हणून येणारा तो पहिला पाहुणा. त्याच्यामागून आणखी चार मोठी माणसे आली आणि माळावरच्या लोकांना पाणी भरायची, सामान वाहायची, डोली उचलायची कामे मिळाली. पोट भरू लागले, हे खरे आहे. ते मी लपवणार नाही.

रायाजीराव क्रूर होता का? त्याने कोणावर हात उचलला असे कोणी सांगत नाही. हात उचलायला समोरचा माणूस आधी दिसावा लागतो, आणि त्याला माणूस दिसतच नव्हता. स्वयंपाकी 'ए', पाणक्या 'ए', डोलीवाला 'ए'. त्याने 'ए' म्हटले की सगळे धावत यायचे आणि ज्याच्याकडे काम नसेल त्याने मध्ये आला म्हणून बोलणी खायची. इतकी वर्षे तो येत होता, पण माळावरच्या एकाही माणसाचे नाव त्याने कधी विचारले नाही.

आता डोली कशी चालते ते तुम्हाला माहीत नसेल. दोन लांब बांबू, मध्ये खुर्ची, दोघे पुढे आणि दोघे मागे. मागच्या माणसाला वाट दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे खुर्चीची पाठ असते. म्हणून पुढचा माणूस वाट बोलतो. 'डावा दगड', 'खाली पानी', 'निसरडं हाय', 'वळण आलं'. मागचा 'व्हय' म्हणतो आणि तसा पाय टाकतो. त्या वेळी माळावर वाट बोलण्यात लुमा नावाच्या डोलीवाल्याचा हात कोणी धरत नसे. आणि लुमाच्या मागे डोलीच्या कड्याकडच्या बाजूला चालायचा तो साळू नावाच्या बाईचा नवरा. दोघे लहानपणापासूनचे सोबती होते. लुमाने बोलावे आणि त्याने डोळे मिटूनही पाय टाकावा, इतका भरवसा होता म्हणे.

एका उन्हाळ्यात रायाजीरावाने वाट बोलणे बंद करवले. डोलीत त्याचा डोळा लागे आणि लुमाच्या आवाजाने तो उघडे. शिवाय मोठ्या माणसासमोर हमालांनी तोंड उघडू नये, ही त्याच्या घरची रीत होती. बघा, तोही रीतच सांगत होता. लुमा हात जोडून म्हणाला, "सरकार, मागच्याला दिसत न्हाई." सरदार म्हणाला, "मग त्याला सांग, नीट चालावं."

मग डोलीवाल्यांनी आपसात एक युक्ती काढली. लुमा बोटाच्या पेराने बांबूवर टकटक करी आणि मागच्याला ती खांद्यात कळे. काही दिवस तसे भागले. पण ती टकटक खुर्चीतही जाणवते म्हणून सरदाराने तीही थांबवली. तेव्हाच डोली खाली ठेवून घरी निघून जायला हवे होते, असे आज म्हणायला सोपे आहे. ते गेले नाहीत. आपल्याला वाट पाठ आहे, पायच वाट ओळखतात, असे त्यांना वाटले. डोलीवाल्याची चूक होते ती अशीच होते.

मग एके दिवशी या दगडाच्या अलीकडे वाटेची कड ढासळली होती. लुमाला ती दिसली. शब्द त्याच्या दातापर्यंत आला आणि त्याने तो गिळला. स्वतः लांब ढांग टाकून तो पुढे गेला आणि मागच्याचा पाय पोकळीत पडला. त्याला सावरायला एक क्षणच मिळाला असेल. त्या क्षणात तो बांबूला लोंबकळला असता तर डोली, सरदार आणि चौघे डोलीवाले एकदम खाली गेले असते. त्याने तसे केले नाही. खांद्यावरचा बांबू त्याने वाटेच्या बाजूला ढकलून दिला आणि तो एकटा गेला. खाली अशी दरी आहे की प्रेत मिळायचा प्रश्नच नव्हता.

डोली आदळली तसा सरदार जागा झाला. काय झाले ते त्याला सांगितले. तो म्हणाला, "मागचा पडला का? ए, दुसरा लावा."

आमच्याकडे जुनी चाल होती. कड्यावरून गेलेल्या माणसाचे प्रेत मिळाले नाही तर ज्याच्या कामावर तो गेला त्याने कड्याशी यायचे आणि त्याचे नाव घेऊन हाक मारायची. 'अमक्या, तुझं काम झालं, आता जा,' एवढेच म्हणायचे. ती हाक मिळाल्याशिवाय त्याचे दिवस घालत नसत, कारण तो अजून कामावरच आहे असे मानत. साळूला बाकी काही नको होते. लुमाला घेऊन ती बंगल्यावर गेली, व्हरांड्याच्या खाली उभी राहिली आणि तिने एवढीच गोष्ट मागितली.

"कोणाला हाक मारायची?" सरदाराने विचारले.

"माझ्या धन्याला," साळू म्हणाली. त्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, म्हणून तिने लुमाकडे पाहिले. लुमा नाव सांगायला पुढे झाला. तर सरदाराने हात वर केला.

"नाव कशाला सांगतोस? मागचा होता, पडला. आता हमालाच्या नावानं मी कड्यावर उभा राहून ओरडत बसू?"

असे म्हणून तो आत गेला. ज्या माणसाने मरता मरता त्याचा जीव वाचवला, त्याचे नाव ऐकायलाही तो थांबला नाही. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, पण इथे आलो की माझे डोके अजून तापते.

साळू तिथून सरळ सावरजाईच्या देवळात गेली. तिने पायरीवर भंडारा ठेवला आणि सगळा माळ बोलावला. ती म्हणाली, "हमालानं बोलू नये म्हनतो न्हवं? मग आता बोलायचं न्हाई. काम सोडायचं न्हाई, हात उगारायचा न्हाई, कशात खोट करायची न्हाई. निसतं बोलायचं न्हाई."

"कुठवर?" लुमाने विचारले.

"त्यो आपल्या तोंडानं माझ्या धन्याचं नाव इचारंल तवर."

सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. म्हाताऱ्यांनी उचलला, बायांनी उचलला.

पुढचा उन्हाळा आला आणि सरदार आला. सुरुवातीला तर तो खूश झाला, असे सांगतात. हाक मारावी तर माणूस मुकाट्याने येतो, मुकाट्याने काम करतो आणि मुकाट्याने जातो. बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांना तो मिशीला पीळ देऊन सांगायचा की बघा, या रानटी लोकांना मी कसे वळण लावले. पाहुण्यांनीही वाहवा केली. आणि आमची माणसे खाली मान घालून त्यांना पाणी देत होती.

मग हळूहळू त्याला कळू लागले की माणसे दिवसभर किती गोष्टी सांगत असतात. आंघोळीचे पाणी कढत आहे, हे कोणी सांगितले नाही. घोड्याचा नाल निघाला आहे, हे सांगितले नाही. व्हरांड्याच्या आढ्याला गांधीलमाश्यांनी पोळे धरले होते, ते स्वयंपाक्याला रोज दिसत होते. एका पाहुणीचे तोंड सुजून भोपळा झाले तेव्हा ते सरदारालाही दिसले. कोणी काही बिघडवले नव्हते. माळाने फक्त त्याला सांभाळणे सोडले होते. त्याने दटावले, गोड बोलून पाहिले, कामावरून काढीन म्हणाला. माणसे समोर उभी राहायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. पाहुणे एकेक करून निघून गेले. मग तो एकटाच खोलीत मोठ्याने बोलत बसे, निदान कोणाचा तरी आवाज कानी पडावा म्हणून.

उन्हाळा संपत आला. बंगला बंद करून खाली उतरायचा दिवस ठरला. भर दुपार होती, पण धुके असे उतरले की हात लांब केला तर बोटे दिसेनात. सरदाराचे सामान वाहायला सगळा माळ वाटेला लागला होता. कोणाच्या डोक्यावर पेटी, कोणाच्या डोक्यावर भांड्यांची पाटी. साळूच्या डोक्यावर त्याच्या कपड्यांची टोपली होती. पुढे डोली आणि डोलीच्या पुढच्या बांबूला लुमा.

धुक्यात डोली चालली आणि सरदाराला पहिल्यांदा भीती वाटली. पुढे काय आहे ते त्याला दिसत नव्हते आणि कोणी सांगत नव्हते. बरोबर त्या मागच्याला दिसत नव्हते तसे. तो म्हणाला, "वाट सांगत चला." कोणी बोलले नाही. तो ओरडला, "मी हुकूम देतो, वाट सांगा!" बांबू तेवढे करकरत होते. या दगडाशी आल्यावर खांदा बदलायला डोली टेकवली, तसा तो उडी मारून खाली उतरला. या मुक्यांच्या खांद्यावर बसण्यापेक्षा मी माझ्या पायांनी जाईन म्हणाला आणि तरातरा पुढे निघाला. वाट डावीकडे वळली. तो सरळ गेला.

थोडे पुढे जाऊन पायाखालची माती सुटते आहे हे त्याला कळले आणि तो जागीच उभा राहिला. पुढे कडा आहे की मागे, ते समजेना. तो ओरडला, "ए! ए, कोण आहे तिथं?"

सगळा माळ तिथेच होता. डोक्यावरचे ओझे न उतरवता माणसे धुक्यात उभी होती. लुमा तर त्याच्यामागून येऊन चार पावलांवर उभा होता. 'डावीकडं' एवढा एक शब्द पुरे होता. जन्मभर त्याने तोच शब्द बोलून माणसे सुखरूप नेली होती. पण भंडारा उचललेला होता.

सरदाराने शिव्या दिल्या. मग जमीन देतो म्हणाला. मग आपले नाव, घराणे, पदव्या सगळे सांगून झाले. मग तो रडू लागला. आणि मग थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. लोकांना वाटले, गेला. तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, अगदी हळू, आपल्यातलाच कोणी विचारतो तसा.

"त्याचं नाव काय होतं?"

मंडळी, शपथ तिथेच सुटली होती. साळूने घातलेली अट पुरी झाली होती आणि प्रत्येकाचे तोंड मोकळे झाले होते. नाव सांगितले असते तर त्याने हाक मारली असती. हाक मारली असती तर साळूच्या नवऱ्याची सुटका झाली असती आणि सरदारही वाचला असता. सगळे साळूच्या बाजूला वळले. लुमाचे ओठ उघडले होते. लुमाच्या शेजारी उभ्या असलेल्या साळूने टोपली खाली ठेवली, दोन्ही हात रिकामे केले आणि आपला तळवा लुमाच्या तोंडावर ठेवला.

सरदाराने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तो पाऊल पुढे टाकून विचारत असावा, कारण मागोमाग दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काही नाही.

परतताना लुमा म्हणाला, "साळू, त्यानं हाक मारली असती गं."

"मारली असती," साळू म्हणाली. "सोताचा जीव वाचवायला मारली असती. तसली हाक माझ्या धन्याला नगं."

ज्याने हाक मारायची तोच गेला, तेव्हा आता दिवस कोणी घालायचे, असा पेच म्हाताऱ्यांना पडला. साळूने तो राहू दिला नाही. ती बाजारात आली, देवळापुढे उभी राहिली आणि तिने सगळ्यांसमक्ष नवऱ्याचे नाव घेतले. उखाण्यात घातले नाही, कोणाच्या आडून सांगितले नाही, साधे सरळ नाव घेऊन हाक मारली. सावरमाळात बाईने असे नाव घेतल्याची ती पहिली वेळ. म्हाताऱ्यांनी ती हाक मानली आणि त्याच दिवशी त्याचे दिवस धरले. तेव्हापासून आमच्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारतात, आणि खालच्या गावातून आलेल्या सुनांना त्याचे अजून नवल वाटते.

लुमाने पुन्हा डोली उचलली नाही. एकाच वळणावर त्याने तोंडात आलेला शब्द दोनदा गिळला होता, एकदा सरदाराच्या सांगण्यावरून आणि एकदा साळूच्या. धुके उतरले की तो या दगडावर येऊन बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'डावीकडं' म्हणून सांगे. कोणी नसले तरी सांगे. तुम्ही मला विचाराल, साळूने केले ते बरोबर केले का? सगळे पाहुणे विचारतात. मला त्या सरदाराची कीव येत नाही, कधी आली नाही. लुमाची येते.

आजही धुक्याच्या दिवसात लुमाच्या घरचे एक माणूस या दगडाशी उभे राहून वाट बोलते. आजही माळावर पाहुण्याने नाव विचारल्याशिवाय त्याला कोणी खांदा देत नाही. आणि आजही धुके दाटले की खालून सरदाराचा तोच प्रश्न वर येतो, म्हणे. वारा आहे, असे शिकलेली मुले सांगतात. असेल. पण ती मुलेसुद्धा इथे उभी राहून त्याला उत्तर देत नाहीत.

या ताई मघापासून काही विचारायच्या बेतात आहेत, ते मला दिसते आहे. एवढी मोठी गोष्ट सांगितली, पण त्या डोलीवाल्याचे नाव मी एकदाही घेतले नाही, हेच ना? बाजारात पोचलो की वैजंताच्या टपरीवर बसून सांगतो. तिथे शेंबड्या पोरालाही ते पाठ आहे आणि सकाळचा पहिला घोडा त्याच नावाने सुटतो. सरदाराचे नाव इथे हवे तितक्या वेळा घ्या, पाटीवर लिहिलेलेच आहे. पण डोलीवाल्याचे नाव या कड्यावर आम्ही घेत नाही. खाली सरदार अजून कान देऊन बसला आहे, त्याला ते कळता कामा नये.

चला, आता डावीकडे.